मायक्रॉनबाईंचं इंजिन

गेला महिनाभर त्या घरात एका विषयावर चकार शब्द निघत नव्हता, आणि तो सोडून बाकी सगळ्या विषयांवर मायलेकी नको तितक्या बोलत होत्या. गळका नळ, शेजाऱ्यांचा कुत्रा, आईच्या डोळ्यातला मोतीबिंदू, पुन्हा गळका नळ. न निघणारा विषय म्हणजे चव्वेचाळीस पानांचा एक मसुदा होता. जगातल्या सगळ्यात वेगवान शर्यतीच्या गाड्या तीन वर्षांनी कशा असाव्यात, हे त्यात लिहिलं होतं. गाडीतली बॅटरी आणि विजेची मोटर काढून टाकावी, जुनं दहा सिलिंडरचं हलकं, साधं आणि कानठळ्या बसवणारं इंजिन परत आणावं, आणि ते प्रयोगशाळेत बनवलेल्या नव्या इंधनावर चालवावं, असा प्रस्ताव होता.

आता पंचाईत अशी, की लेक शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या एका कारखान्यात बॅटरी विभागाची प्रमुख होती. तिला सगळे बॅटरीबाई म्हणत. तिच्या हाताखाली अकरा माणसं होती. आणि आई त्याच कारखान्यात सदतीस वर्षं इंजिनं बांधून सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाली होती. केसाच्या जाडीचे पन्नास भाग करावेत आणि त्यातला एक भाग इकडचा तिकडे झाला तरी या बाईची झोप उडावी, म्हणून तिचं नाव मायक्रॉनबाई पडलं होतं. प्रस्ताव मंजूर झाला तर आईची विद्या पुन्हा मानाने परत येणार आणि लेकीचा विभाग बंद होणार. नामंजूर झाला तर बरोबर उलटं. असा विषय जेवताना काढायचा तरी कोणी? त्यापेक्षा नळ बरा.

त्या दिवशी सकाळी साडेसहाला लेकीने आईच्या डोळ्यात थेंब घातले. ऑपरेशनला दोनच दिवस झाले होते. काळा चष्मा लावून आई खुर्चीत अशी ताठ बसली होती, की जणू कोणाची तरी हेरगिरी करायची आहे. आज लवकर निघालीस, एवढंच तिने विचारलं. जरा काम आहे, एवढंच लेकीने सांगितलं. काय काम आहे ते दोघींना पक्कं ठाऊक होतं. अकरा वाजता नियम समितीचे सात जण कारखान्यात यायचे होते. तिघे प्रस्तावाच्या बाजूचे होते आणि तिघे विरोधात. त्या तिघांचं म्हणणं, असलं इंजिन चालवणारे हात आता जगात उरलेले नाहीत, मग कशाला जुनी मढी उकरायची. राहिले अध्यक्ष. ते म्हणाले होते, मी कागद वाचून मत देत नाही, मला एक इंजिन चालवून दाखवा. आणि अख्ख्या जगात जपून ठेवलेलं, एकही सुटा भाग न हरवलेलं असं एकच इंजिन होतं. ते या कारखान्याच्या कोठारात वीस वर्षं पडून होतं, आणि त्याच्या अंगावर मायक्रॉनबाईंच्या हाताची खूण ठोकलेली होती.

सातला बॅटरीबाई फाटकातून आत शिरते न शिरते तोच तिचा सगळ्यात जुना सहकारी धावत आला. तारा जोडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, म्हणून त्याला सोल्डरकाका म्हणत. एरवी हा माणूस लॉटरी लागली तरी चेहरा पाडून बसला असता. आज त्याचे दात दिसत होते.

"बाई, वाचलो," तो म्हणाला. "इंजिन जाम आहे."

काल संध्याकाळी इंजिन विभागाच्या प्रमुखाने ते चाचणीच्या खोलीत बसवून पाना लावून फिरवायला बघितलं, तर तसूभर हललं नाही. हा प्रमुख हुशार होता, पण वयाने लहान आणि बोलण्यात भारी. त्याला सगळे वकील म्हणत. आज सकाळी वकिलाने पुन्हा बघितलं, तरी तेच. वीस वर्षं पडून सगळं आतून धरलं असणार. मोठे साहेब आता समितीला फोन करून भेट रद्द करायला निघाले होते.

बॅटरीबाईला, खोटं कशाला सांगायचं, इतका आनंद झाला की तिने सोल्डरकाकांचा हात धरून दोनदा हलवला. अकरा माणसं, सहा वर्षांचं काम, अर्धवट राहिलेली ती नवी बॅटरी, सगळं एका झटक्यात वाचलं होतं. ती जवळजवळ पळतच चाचणीच्या खोलीकडे गेली, कारण चांगली बातमी माणसाला दुसऱ्याच्या तोंडून पुन्हा एकदा ऐकायची असते.

खोलीत मोठे साहेब हातात फोन घेऊन उभे होते आणि वकील एक फॉर्म भरत होता. मधोमध लोखंडी चौकटीवर ते इंजिन होतं. केवढंसं. दहा सिलिंडरचं म्हणून डोळ्यासमोर जे धूड उभं राहतं त्याच्या निम्मंही नाही. बॅटरीबाईने वकिलाच्या खांद्यावरून फॉर्म वाचला. "स्थिती: जाम. कारण: जुळणीतील चूक." आणि त्याखाली बांधणाऱ्याची खूण, आईची.

चूक कशावरून, असं तिने विचारलं. स्वर जरा जास्तच चढला. मोठे साहेब समजुतीने म्हणाले, अहो, गंज कुठेच दिसत नाही, मग दुसरं कारण उरत नाही. आम्हालाही ते लिहायला बरं वाटत नव्हतं, म्हणून मी आत्ताच तुमच्या आईंना फोन केला. त्या स्वतःच म्हणाल्या, असेल, माझ्याच हातून काहीतरी राहिलं असेल.

बॅटरीबाईने तो फॉर्म पुन्हा एकदा वाचला.

तिच्या आईने जन्मात कधी स्वतःची चूक कबूल केली नव्हती. एकदा चहात साखरेऐवजी मीठ पडलं, तर दोष बरणीचा होता. रस्ता चुकला तर तो ज्याने बांधला त्याचा. आणि इंजिनाच्या बाबतीत तर विचारायलाच नको. एका मोठ्या शर्यतीत इंजिन फुटलं तेव्हा या बाईने सतरा दिवस तुकडे जुळवून सिद्ध केलं होतं की दोष बाहेरून आलेल्या एका स्क्रूचा आहे. ती बाई फोनवर दोन मिनिटांत म्हणते, असेल माझी चूक?

आणि मग तिला कळलं. आईला माहीत होतं. इंजिन जाम नाही हे आईला चांगलं माहीत होतं, कारण ते लेकीलाही माहीत होतं. लेक पाचवीत असताना एका सुट्टीच्या दिवशी आई तिला कामावर घेऊन आली होती. तिने असंच एक इंजिन फिरवायला बघितलं होतं आणि ते हललं नाही म्हणून, आई तुझं बिघडलंय, असं ओरडली होती. आई हसत म्हणाली होती, गार असताना फिरलं तर समजायचं, बांधणाऱ्याने ढिलं बांधलंय. धातू तापला की फुगतो. हे इंजिन आगीत पळण्यासाठी मापलेलं असतं. तेव्हा आधी तासन्‌तास त्याच्या पोटात गरम पाणी फिरवायचं, आणि मगच हात लावायचा. त्या काळी ही गोष्ट झाडूवाल्यालाही ठाऊक होती, म्हणूनच कोणी ती कुठे लिहून ठेवली नव्हती. वकिलाच्या पिढीची इंजिनं झोपेतून उठवली तरी फिरतात. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष.

म्हणजे आई खोटं बोलली होती. सदतीस वर्षांची अब्रू तिने फोनवर उधळून दिली होती, लेकीची अकरा माणसं वाचावीत म्हणून. आणि हे कोणाला कळणार नव्हतं. लेकीने फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसायला काय लागतं? तिने सोल्डरकाकांकडे बघितलं. ते दारात उभे होते, आणि त्यांचे दात अजून दिसत होते.

वकिलाने सहीसाठी फॉर्म साहेबांपुढे सरकवला.

"हे इंजिन जाम नाही," बॅटरीबाई म्हणाली. "ते गार आहे. आणि तो कागद आधी फाडा."

पुढची पाच मिनिटं नुसता गोंधळ. वकील म्हणाला, कशावरून. तिने सांगितलं. तो म्हणाला, हे पुस्तिकेत कुठेच नाही. ती म्हणाली, पुस्तिका नीट वाच, त्यात "योग्य तापमानास" असे दोन शब्द आहेत, ते तुला शोभेसाठी घातलेत असं वाटलं का? मोठ्या साहेबांनी घड्याळ बघितलं. सात वीस. मग त्यांनी बॅटरीबाईकडे बघितलं आणि हळूच विचारलं, की बाई, हे चाललं तर तुमच्या विभागाचं काय होईल ते कळतंय ना तुम्हाला? कळतंय, ती म्हणाली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्ही दाबून ठेवायला वेळ नव्हता.

कारण पुढचा प्रश्न आ वासून उभा होता. गरम पाणी फिरवायचं कशाने? इंजिनात गरम पाणी सोडणारी जुनी ढकलगाडी कधीच भंगारात गेली होती. बॅटरीच्या पोटात गरम-गार पाणी फिरवून तिची परीक्षा घेणारं यंत्र मात्र कारखान्यात एक होतं, आणि ते बॅटरी विभागात होतं. सोल्डरकाकांनी ते ऐकलं आणि त्यांचे दात पुन्हा आत गेले.

"आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा," ते म्हणाले.

"हो काका. ढकलायला मदत करता का?"

काकांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. यंत्र चाकांवर होतं, पण एक चाक कायम रुसलेलं. काका सगळ्या वाटेत त्या चाकाला शिव्या घालत होते, त्या खऱ्या कोणाला होत्या ते बॅटरीबाईला कळत होतं.

आठला पाणी सुरू झालं. चाळीस अंश, पन्नास, साठ. साठला यंत्र थांबलं, कारण बॅटरीला त्याहून जास्त सोसत नाही म्हणून तिनेच ते तसं बांधून घातलं होतं. साडेनऊला तिने इंजिनाच्या टोकाला हात लावून बघितला. ढिम्म. दहाला बघितलं, तरी ढिम्म. वकिलाची चुळबुळ सुरू झाली. लांब दांड्याचा पाना लावून जरासा जोर देऊ का, असं त्याने विचारलं, तेव्हा बॅटरीबाईने तो पाना त्याच्या हातातून काढून सरळ खिडकीबाहेर ठेवला. पण आतून तिची पाचावर धारण बसली होती. तापवायचं हे तिला माहीत होतं. किती तापवायचं हे पाचवीतल्या मुलीने विचारलंच नव्हतं.

तिने घरी फोन लावला.

"आई, पाणी किती अंशांवर न्यायचं?"

"कसलं पाणी? मला आता काही आठवत नाही," मायक्रॉनबाई म्हणाल्या. "म्हातारी झाले मी. थेंब घालायची वेळ झाली माझी."

"आई, इतर कशाबद्दलही माझ्याशी खोटं बोल. इंजिनाबद्दल नको."

पलीकडून फोन बंद. बॅटरीबाई तिथेच एका खोक्यावर बसली. दहा वीस झाले. समितीची गाडी विमानतळावरून निघाल्याचं कोणीतरी सांगून गेलं. मोठे साहेब येरझाऱ्या घालत होते, आणि वकील फाडलेल्या फॉर्मचे तुकडे टोपलीतून काढून जुळवत होता की काय अशी तिला शंका आली.

दहा पंचवीसला तिचा फोन वाजला.

"ऐंशी," आई म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "आणि नुसतं पाणी काय तापवत बसलीस? आधी तेल. गार तेलात ते जन्मात फिरणार नाही. तेल ऐंशीला ने, पाणी ऐंशीला ने, अर्धा तास धीर धर, आणि पान्याला कोणाला हात लावू देऊ नकोस. दोन बोटांनी फिरतं ते. दोन बोटांनी फिरलं नाही तर मग माझी चूक."

आणि फोन ठेवून दिला. बॅटरीबाई उठली ती उडीच मारून. यंत्राची दुसरी नळी रिकामी होती, ती तिने तेलाच्या टाकीत गुंडाळी करून सोडली. साठचं कुलूप काढायला स्वतःचा परवलीचा शब्द घालावा लागत होता आणि पडद्यावर एक प्रश्न यायचा: बॅटरीची हानी होऊ शकते, पुढे जायचं का? तिने "हो" दाबलं. काकांनी ते वाचलं. मग ते तेलाच्या टाकीत तापमापक धरून आकडे ओरडून सांगायला लागले. पासष्ट. एकाहत्तर. अहो, हे चढतंय बरं का. सत्त्याहत्तर.

दहा पन्नासला समितीचे सात जण आले. त्यांना चहा दिला. अकरा वाजता त्यांचा चहा संपला. मोठ्या साहेबांनी त्यांना आणखी एक चहा दिला आणि हवामानावर जे बोलता येईल ते सगळं बोलून संपवलं. अकरा पाचला विरोधातल्या तिघांपैकी एक जण घड्याळाकडे बघून गोड हसला. म्हणाला, बघा, आम्ही म्हणत नव्हतो?

अकरा सातला बॅटरीबाईने इंजिनाच्या टोकावर तर्जनी आणि अंगठा टेकवला. धातू चटका बसेल असा तापला होता. तिने हलकेच फिरवलं.

फिरलं. लोण्यातून सुरी जावी तसं, आवाज न करता, कुठे न अडता फिरलं. तिने पुन्हा फिरवलं, पूर्ण एक फेरा, नुसत्या दोन बोटांनी, आणि तिच्या तोंडून आई एवढाच शब्द आला. वकिलाने पुढे होऊन स्वतः फिरवून बघितलं. त्याने तोंडात बोटं घालायची तेवढी बाकी ठेवली. मग त्याने तिला विचारलं, बाई, हे मला शिकवतील का हो त्या? पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात वकिली नव्हती.

सगळे जाड काचेच्या मागे गेले. वकिलाने बटण दाबलं. इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं, निळसर धूर आला, आणि मग ते लागलं.

बॅटरीबाई नवशिक्यांना गेली सहा वर्षं सांगत आली होती, की आवाज म्हणजे वाया गेलेली ताकद. ते खरंच आहे, आजही खरं आहे. पण ते इंजिन मिनिटाला पाच हजार फेऱ्यांवरून दहा हजारांवर गेलं आणि तिच्या बरगड्या वाजायला लागल्या. पंधरा हजारांवर समोरची काच थरथरायला लागली आणि टेबलावरच्या कपबशा चालत कडेपर्यंत आल्या. अठरा हजारांवर तर तो आवाज आवाज राहिलाच नाही. कोणीतरी एक लांबलचक कापड टरकन फाडायला घेतलंय आणि ते कापड संपतच नाहीये, असं काहीतरी ते होतं. एकही ठोका इकडचा तिकडे नाही. वीस वर्षं अंधारात पडलेली ती दहा सिलिंडरं एका सुरात होती. तिच्या आईच्या हातची. तिला इतका आनंद झाला की त्याची लाज वाटावी. ती हसत होती, ओरडत होती, आणि काय ओरडतेय ते तिलाही ऐकू येत नव्हतं. शेजारी सोल्डरकाका दोन्ही मुठी वर करून नाचत होते. ज्या आवाजाने त्यांची नोकरी जायची होती त्याच आवाजावर नाचत होते, आणि अध्यक्षांनी कानांवरची जाड टोपणं काढून हातात धरली होती.

संध्याकाळी सहाला ती घरी आली तेव्हा आई त्याच खुर्चीत, त्याच काळ्या चष्म्यात बसली होती. चपला काढायच्या आत पहिला प्रश्न आला.

"किती फेरे?"

"अठरा हजार दोनशे."

"तेलाचा दाब?"

"पडला नाही."

"धूर?"

"सुरुवातीला. नंतर काही नाही."

आई मागे टेकली. लेकीने तिच्या डोळ्यात थेंब घातले, कारण दुपारचे राहिले होते आणि आईने शेजारणीला घालू दिले नव्हते. पहिला थेंब गालावर पडला. मग ती जमिनीवर, आईच्या पायाशी बसली. तेवढ्यात मोठ्या साहेबांचा फोन आला. समितीने मतदान केलं होतं. चार विरुद्ध तीन. लेकीने बरं म्हणून फोन ठेवला.

"मंजूर?" आईने विचारलं.

"मंजूर."

नळ गळत होता, पण त्याचाही विषय कोणी काढला नाही.

"तुझ्यासाठी आयुष्यात एक खोटं बोलले मी," आई म्हणाली, "तेही संध्याकाळपर्यंत टिकू दिलं नाहीस."

लेक म्हणाली, त्या कागदावर तुझी खूण होती आणि वर चूक असं लिहिलं होतं. ते वाचून गप्प बसले असते तर उद्यापासून या घरात मला जेवण गेलं नसतं. आईने वेगळंच विचारलं, आणि ते विचारताना तिचा आवाज लहान झाला.

"आवडलं का तुला?"

"खूप," लेक म्हणाली. "इतकं, की ते चालू असताना मला माझी माणसं आठवलीसुद्धा नाहीत. काका तर नाचत होते. आता आठवतायत. उद्या सकाळी मला त्या सगळ्यांच्या समोर उभं राहायचंय, आई, आणि काय बोलायचं ते मला सुचत नाहीये." आणि मग मात्र तिला आवरलं नाही. ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. आई तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. डॉक्टरांनी आईला रडायला सक्त मनाई केली होती, म्हणून ती मान वर करून छताकडे बघत होती.

"साडेसहाला मला उठव," शेवटी आई म्हणाली.

लेक म्हणाली, अगं, डॉक्टरांनी आठ दिवस घराबाहेर पडायचं नाही म्हणून सांगितलंय.

"त्यांना सांग, खुर्चीत बसून बोलणार आहे. आणि उद्या तू तुझ्या माणसांपुढे काही बोलू नकोस. ते इंजिन मी बांधलंय, मी सांगते त्यांना."